संपर्क होऊ शकला नाही

ज्या आठवड्यात माझं नाव कापलं गेलं, त्या आठवड्यात मी भामरागडला शाळेच्या वर्गात खिचडी वाढत होते. पर्लकोटा नदीवरच्या पुलाचे कठडेसुद्धा दिसेनासे झाले होते. बाजारातल्या दुकानांत पाणी शिरलं होतं, आणि ज्यांच्या घरात चिखल भरला ती माणसं आमच्या वर्गखोल्यांत मुक्कामाला आली होती. लाइट आधी गेली, मागोमाग मोबाइलचा टॉवर गेला. भामरागडला याचं कुणाला नवल वाटत नाही. दर पावसाळ्यात आलापल्लीचा रस्ता तुटतो, पाणी उतरलं की परत सुरू होतो, माणसं फावड्याने चिखल काढतात आणि दुकानं उघडतात.

मी इथे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. माझं दुसरं काम कुणी दिलेलं नाही आणि त्याचा पगारही नाही. मी महाकाय रेडिओ दीर्घिका शोधते. शाळेतले सहकारी म्हणतात, मॅडम आकाशातले फोटो बघतात. ते खोटं नाही.

हे वेड सरांनी लावलं. नागपूरला एमएस्सी करत असताना एका उन्हाळ्यात मला पुण्याला प्रकल्प करायला मिळाला. तिथे सरांनी पहिल्याच दिवशी दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. एक साध्या दुर्बिणीतलं. त्यात एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा समूह, भाताच्या दाण्याएवढी दिसत होती. दुसरं चित्र आकाशाच्या त्याच तुकड्याचं, पण रेडिओ दुर्बिणीतून घेतलेलं. त्यात त्या दाण्याच्या दोन्ही बाजूंना दोन प्रचंड ढग होते, आणि ढगांपर्यंत जाणारे दोन बारीक, सरळ झोत. "हे एवढं सगळं त्या दाण्याच्या पोटातून निघालंय," सर म्हणाले. मी त्या दिवशी जेवायला गेले नाही. सर चांगले शिकवायचे हे मी आजही नाकारत नाही. ते वाईट शिक्षक असते तर मला एवढा राग आलाच नसता.

पीएचडीला माझी निवड झाली होती. पण त्याच वर्षी बाबा गेले. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. भावाचं शिक्षण अर्धं राहिलं होतं, आई सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात, रोवणी-कापणीच्या कामावर जाणारी. मी नोकरी धरली. सरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "निरीक्षणांचा डेटा आता सगळ्यांसाठी खुला असतो. तिकडून काम करा. आमच्या गटात तुम्ही आहातच."

मी ते खरं मानलं आणि कित्येक वर्षं तसंच काम केलं. भामरागडच्या नेटवर्कवर नकाशे उतरत नाहीत, म्हणून सुट्टीत गडचिरोलीला मैत्रिणीकडे जायचं, तिच्या वायफायवर हार्डडिस्क भरायची, आणि परत येऊन खोलीत बसून एकेक चौकोन बघायचा. बहुतेक चौकोनांत काही नसतं. खूप चौकोन बघितल्यावर डोळा तयार होतो.

मग एका चौकोनात ती सापडली. मधोमध एक साधीशी रेडिओ दीर्घिका होती, आधीपासून माहीत असलेली. दोन लहान ढग, मध्ये दाणा. तिच्यात नवीन काही नव्हतं. पण मी लांब तरंगलांबीचा नकाशा उघडला तेव्हा खूप दूर, दोन्ही टोकांना, अगदी पुसट असे आणखी दोन डाग दिसले. आतल्या जोडीच्या रेषेतच. दाणा बरोबर मध्ये. ते डाग त्याच दीर्घिकेचे असतील तर तिने एकदा झोत सोडले होते, मग ती विझली होती, आणि आता पुन्हा पेटली होती. आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर धरलं तर ती महाकाय ठरत होती.

मी सरांच्या गटाच्या ऑनलाइन बैठकीत ते दाखवलं. शाळेच्या गच्चीवर जिथे रेंज येते तिथे खुर्ची टाकून बसले होते. सर म्हणाले, "हा प्रतिमेतला दोष आहे. शेजारी तेजस्वी स्रोत असला की असे डाग पडतात."

"सर, तो स्रोत काढून मी प्रतिमा पुन्हा तयार केली. डाग जात नाहीत."

"मग ते मागचे वेगळे स्रोत असतील. दोन डाग दिसले म्हणून त्यांचं लग्न लावायचं नसतं."

सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते. ते हसणं मला आजही टोचतं.

मी सोडलं नाही. दुसऱ्या एका दुर्बिणीच्या सर्वेक्षणात तोच तुकडा शोधला. डाग तिथेही होते. दोन वेगळ्या दुर्बिणींना एकाच जागी एकच दोष होत नाही. डागांचा आतल्या बाजूचा भाग झोतांच्या दिशेने निमुळता होत गेलेला दिसत होता. मागे कुठली दुसरी दीर्घिका त्यांना जबाबदार धरता येईल का तेही तपासलं. नव्हती. सगळं लिहून पाठवलं. खूप दिवस उत्तर नाही. मग एक ओळ आली, "रोचक आहे. बघतो." त्यानंतर सरांच्या एका विद्यार्थ्याचे फोन येऊ लागले. ताई, ती प्रतिमा कशी केली, ताई, ती फाइल पाठवता का. तो चांगला मुलगा वाटायचा. मी सगळं पाठवलं. लेख लिहिणं चालू आहे, मसुदा आला की तुम्हाला दाखवतो, असं तो म्हणाला होता.

मग पूर आला.

पाणी उतरलं, टॉवर चालू झाला, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात उभी असताना फोन थरथरत सुटला. आईचे चुकलेले कॉल, भावाचे कॉल, आणि त्यांत सरांचा एक मेल, सगळ्या गटाला पाठवलेला. लेख जर्नलला सादर केला आहे. भामरागडला पूर असल्याने तिकडे संपर्क होऊ शकला नाही, वेळेअभावी थांबता आलं नाही, तरी सर्वांचे आभार. सोबत लेख जोडलेला. पहिलं नाव त्या विद्यार्थ्याचं, दुसरं सरांचं, पुढे परदेशातले दोघं-तिघं. मी खाली गेले, पार शेवटी, आभारांपर्यंत. तिथे लिहिलं होतं की प्रतिमा तपासण्यात गडचिरोलीतल्या एका स्थानिक शिक्षिकेची मदत झाली.

एका स्थानिक शिक्षिकेची! तिथेही नाव नाही. जसं आमच्याकडे येणारे सांगतात, एका गोंडाने वाट दाखवली.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. अशा जर्नलला शेवटची तारीख नसते. आज पाठवा, पुढच्या महिन्यात पाठवा, कुणी दार लावून घेत नाही. वेळ कसला कमी पडला होता? जे झोत निघून कोट्यवधी वर्षं झाली ते आठवडाभर थांबले नसते का? जोडलेल्या फाइलवरच्या तारखेप्रमाणे पूर येण्याआधी कितीतरी दिवस लेख तयार होता, आणि त्या दिवसांत माझा फोन व्यवस्थित लागत होता. पुराने माझं नाव वाहून नेलं नाही. पूर फक्त सोयीच्या वेळी आला.

मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मी सरांना म्हटलं होतं, तुमचं नाव राहिलंय. ते म्हणाले, त्या जंगलात राहतात, त्यांना कुठे करिअर करायचंय."

"आणि तू?"

"माझा प्रबंध त्यांच्याकडेच आहे, ताई."

मी फोन ठेवला. त्याची अडचण मला कळत होती. तरी मला त्याची कीव आली नाही, आणि आली पाहिजे असंही मला वाटत नाही.

सरांना मी मेल लिहिला. साधा, सभ्य, मुद्देसूद. उत्तर आलं नाही. परत लिहिला, परत नाही. हिवाळ्यात मी सुट्टीला गावी आले होते, आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, आणि सरांचा फोन आला. मला वाटलं, अखेर.

"अहो, तुम्ही तिकडच्याच ना? आम्ही ताडोब्याला आलोय, मोहर्लीला. उद्या सकाळची सफारी आहे, पण परवाची जिप्सी मिळत नाहीये. तुमची कुणाशी ओळख असेल ना तिथे?"

मी म्हटलं, "ओळख नाही. पण मी उद्या तुम्हाला भेटायला येते."

"या ना, या! चहा घेऊ."

आईने शेंगा खाली ठेवल्या. "कोण होतं वो?"

मी सांगितलं. लेखाचं सगळं मी तिला आधीच सांगितलं होतं, तिच्या भाषेत.

"मी बी येतो," ती म्हणाली.

"तू कशाला?"

"तू लहानपणापासून कोनी खेकसलं का गप बसते. मले मालूम हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बस बदलत मोहर्लीला गेलो. गेटसमोर जिप्स्या लागल्या होत्या, हिरवे-खाकी कपडे घातलेली माणसं मोठमोठे कॅमेरे गळ्यात अडकवून फिरत होती. सरांचं रिसॉर्ट गावाच्या बाहेर होतं. वाघ दिसला नव्हता, म्हणून सर जरा वैतागलेले होते. सोबत त्यांची बायको होती. बाई मोकळ्या वाटल्या. त्यांनी आईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि मला विचारलं, "तुम्हीसुद्धा यांच्याबरोबर काम करता ना? या वर्षी त्यांच्या गटाने काहीतरी मोठं शोधलं म्हणे. मला कधी नीट कळत नाही."

"ते जरा तांत्रिक आहे," सर म्हणाले. "मी सांगतो तुला नंतर."

"नाही सर," मी म्हटलं, "मी सांगते."

आणि मी सांगितलं. दीर्घिकेच्या पोटात कृष्णविवर असतं, आपल्या सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाचं. आजूबाजूचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. तो गरगर फिरत चकतीसारखा पसरतो आणि तापतो. त्या वायूत चुंबकीय क्षेत्र असतं. चकती फिरते, कृष्णविवर फिरतं, आणि क्षेत्राच्या रेषा पीळ पडल्यासारख्या वळत जातात. त्या पिळाच्या जोरावर थोडा वायू आत जाण्याऐवजी आसाच्या दोन्ही बाजूंना बाहेर फेकला जातो, जवळपास प्रकाशाच्या वेगाने. तेच झोत. दीर्घिका मागे राहते, झोत पुढे जात राहतात, बाहेरच्या विरळ वायूवर आदळतात, अडतात, आणि परत मागे पसरून ढग होतात. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राच्या रेषांभोवती फिरताना रेडिओ लहरी सोडतात, म्हणून आपल्याला ते दिसतात.

"मग काही एवढे मोठे का होतात?" बाईंनी विचारलं. खरोखर ऐकत होत्या.

"त्याचंच भांडण चालू आहे. काहीजण म्हणतात, आजूबाजूला मोकळं असलं की झोत लांब जातात. पण गर्दीतही महाकाय सापडल्यात. काही म्हणतात, कृष्णविवरातच जोर जास्त असतो. आणि काही म्हणतात, ते फार काळ चालतं, किंवा बंद पडून पुन्हा चालू होतं. बंद पडलं की जुन्या ढगांतली ऊर्जा हळूहळू निघून जाते, आधी जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन थंडावतात. मग ते ढग फक्त लांब लहरींच्या नकाशात उरतात, तेही पुसट. मला सापडलेले तसे होते. आतली जोडी ताजी, बाहेरची जुनी. सर म्हणाले होते, तो प्रतिमेतला दोष आहे."

बाईंनी सरांकडे पाहिलं. "तुम्हाला सापडलेले?"

"प्राथमिक काम यांनी केलं होतं," सर म्हणाले. "आम्ही त्याला शास्त्रीय रूप दिलं."

"सर, कुठलं? त्या लेखातली प्रत्येक प्रतिमा मी तयार केलेली आहे."

"हे बघा," त्यांनी आवाज खाली आणला, समजावल्यासारखा. "तुमच्या समाजातून, तुमच्या भागातून तुम्ही इथपर्यंत आलात, हेच किती मोठं आहे. या नावाच्या राजकारणात कशाला पडता? पुढच्या लेखात तुमचं नाव घालू की."

तुमच्या समाजातून. एवढी वर्षं ते ही गोष्ट मनात धरून बसले होते, आणि मला वाटत होतं आम्ही दोघं आकाशाकडे बघतोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली.

"साहेब, पोरीचं नाव काऊन नाई टाकलं जी?"

"आई, पूर आला होता तिकडे. फोन लागत नव्हता."

"पूर तं उतरते ना. उतरल्यावर टाकाचं होतं."

सर हसले. मनापासून हसले, बायकोकडे वळून म्हणाले, "किती गोड आहेत ना आई!"

गोड! आई त्यांना जाब विचारत होती. तिचा आवाज चढला होता. आणि या माणसाला ते गोड वाटलं. मला वाटतं, त्या एका शब्दाने माझ्या मनातलं उरलंसुरलं सगळं जाळलं. मी उठले. "माझी आई गोड नाहीये, सर. ती संतापली आहे. मी पण. तुम्ही माझं काम चोरलंत. मी संपादकांना लिहिणार आहे, आणि हे पाठीमागून कळू नये म्हणून तोंडावर सांगायला आले होते."

चहा आला होता, तो तसाच राहिला. बाई आमच्यामागे फाटकापर्यंत आल्या. तिथेच उभ्या राहिल्या. बसमध्ये आई म्हणाली, "गोड म्हणते मले. मी का गुळाचा खडा हाय?"

मी लिहिलं. संपादकांना, आणि लेखावर नाव असलेल्या सगळ्यांना. प्रतिमा कधी केल्या, कुणी तपासल्या, बैठकीत काय झालं, सगळं. शाळेतले लोक म्हणाले, मॅडम, जाऊ द्या, मोठ्या लोकांशी वैर नको. गडचिरोलीच्या मैत्रिणीने मात्र इंग्रजी तपासून दिलं. परदेशातल्या एका सहलेखिकेने सरांना सरळ विचारलं, हे खरं आहे का. तो विद्यार्थी शेवटपर्यंत गप्प राहिला. पुढे चौकशी लांबली. जर्नलने सरांना विचारलं, सरांनी लिहिलं की गैरसमज झाला, दळणवळणाची अडचण होती. अखेर एक छोटी दुरुस्ती छापून आली. लेखकांच्या यादीत माझं नाव घालण्यात आलं आहे. सर्वांत शेवटी.

लोकांनी अभिनंदन केलं. मुख्याध्यापकांनी परिपाठाला माझं नाव घेतलं. मला तिथे टाळ्या वाजवणाऱ्या पोरांवर सुद्धा राग आला, ज्यांचा काही दोष नव्हता. कारण शोध माझा होता, आणि मला दाराशी बसायला चटई मिळाली होती. आणि त्याच आठवड्यात गटाच्या संगणकावरचं माझं खातं बंद झालं. कारण विचारलं तर उत्तर आलं, नियमित साफसफाई.

मी आता कुणाच्या गटात नाही. दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज कुणीही करू शकतं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. पहिला अर्ज फेटाळला गेला. त्यावरचे शेरे वाचून मी दोन दिवस चिडचिड केली, मग त्यातले निम्मे खरे आहेत असं दिसलं आणि अर्ज नव्याने लिहिला. या वेळी तिथे प्रमुख म्हणून एकच नाव होतं. अर्ज मंजूर झाला तेव्हा मी बारावीच्या वर्गात प्रात्यक्षिकं घेत होते. मला त्या जुन्या, पुसट ढगांचं वय काढायचं आहे, मधला विझलेला काळ किती लांब होता ते बघायचं आहे. तेवढं कळलं तर दीर्घिका महाकाय का होतात या भांडणात माझंही एक वाक्य असेल.

गेल्या महिन्यात सरांचा मेल आला. एका परिषदेत त्यांचं भाषण आहे, पुन्हा पेटलेल्या दीर्घिकांवर. ती प्रतिमा चांगल्या दर्जाची हवी आहे, माझ्याकडे मूळ फाइल असेल तर पाठवावी. खाली लिहिलं होतं, आईंना नमस्कार.

मी उत्तर दिलं की परिषदेला मीही येते आहे, माझं संशोधनाचं पोस्टर स्वीकारलं गेलं आहे, प्रतिमा त्यावर लावलेली असेल, ज्याला बघायची त्याने तिथे येऊन बघावी. मग रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम, कुठी चाललात?"

"भांडायला," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. सही केली.